नानम्माची मरणोत्तर हजेरी

माझी नानम्मा, म्हणजे वडिलांची आई नरसव्वा, २००३ साली वारली आणि त्यानंतर तिनं अठरा वर्षं नोकरी केली. रजा एकही घेतली नाही. कंपनीच्या रजिस्टरप्रमाणे मेल्यावर तिचं काम सुधारलं. जिवंत होती तेव्हा रोजच्या हजार विड्यांत पन्नास-साठ तरी चेकर खराब म्हणून छाट काढायचा. नंतर त्या दहा-बारावर आल्या.

आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात त्या काळी अर्ध्या गल्लीचं असंच चालायचं. विडी कंपनीचं कार्ड घरातल्या एका बाईच्या नावावर असायचं आणि ज्या बाईचे हात रिकामे सापडतील ती विड्या वळायची. कार्ड सासूचं, हात सुनेचे. सासू गेली की सून नवीन कार्ड मागायला जायची आणि चेकर तिला सांगायचा, "नवीन कार्डं बंद हायती. हाय त्याच कार्डावर माल आण की." कंपनीला हे फार सोयीचं होतं. मेलेली बाई संपावर जात नाही, मोर्चात ओरडत नाही आणि म्हातारी होऊन पेन्शन मागायलाही येत नाही.

माझी अम्मा धनलक्ष्मी १९८८ साली लग्न होऊन या घरात आली. तिसऱ्या दिवशी नानम्मानं तिच्या मांडीवर सूप ठेवलं, त्यात पानं, तंबाखू आणि दोरा ठेवला, आणि स्वतः शेजारणीकडं गेली. ती जवळजवळ मरेपर्यंत तिकडंच बसून होती. फक्त संध्याकाळी येऊन हौसेनं चाळीस-पन्नास विड्या वळायची, आणि छाट निघायच्या त्या बहुतेक त्याच. कंपनीचं नाव घुबड छाप विडी. २०२१ साली कारखान्याची आमच्या भागातली शाखा बंद पडली, तोवर अम्मानं तेहतीस वर्षं वळलं होतं. तेहतीस वर्षांत तिच्या गुडघ्यांचा आकार बदलला आणि बोटांना तंबाखूचा रंग बसला. तो आता चंदन लावलं तरी दिसतो.

आता वडिलांविषयी. त्यांचं नाव अंबादास. आम्ही त्यांना नायना म्हणतो. आम्ही घरात तेलुगू बोलतो, त्यामुळं नायनांची वाक्यं मी इथं मराठीत देणार आहे. त्यात वाक्यांचं काही नुकसान होण्यासारखं नाही. नायना तरुणपणी दोन वर्षं यंत्रमागावर होते. पुढं मागाचा आवाज त्यांना सोसेना, तेव्हापासून ते शांततेत आहेत. घरासमोरच्या पानटपरीच्या कट्ट्यावर सकाळी नऊला बसतात. तिथं त्यांच्यासारखेच आणखी चौघं आहेत. पाचजण मिळून रशियाचं काय करायचं ते ठरवतात.

घर नायनांच्या नावावर. वरच्या खोलीचं भाडं नायनांच्या हातात. अम्माला मेथीची जुडी आणायची तरी कट्ट्यापर्यंत जाऊन हात पुढं करावा लागायचा, आणि नायना तो हात कट्ट्यावरच्या चौघांना नीट दिसेल इतका वेळ तसाच राहू द्यायचे. मग खिशातून वीसची नोट काढायचे, असं की जणू मूत्रपिंड काढून देतायत. मी मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. मी देतो म्हटलं तर अम्मा म्हणायची, "तुझं लग्न व्हायचंय. ठेव."

गेल्या वर्षी गल्लीतल्या महेश्वरीअक्काला विडी कारखान्याची पेन्शन सुरू झाली. महिना तेराशे. अम्मा तिच्याकडं पेढे खाऊन आली. सकाळी मला म्हणाली, "माझं पण काढ."

"तुझं काय काढायचं? कार्डावर तू कुठं आहेस?"

"कार्डावर नसेन. विड्यांत होते की."

ट्रंकेच्या तळातून तिनं कार्ड काढलं. वर घुबडाचं चित्र. नंबर जिथं होता तिथं बोटांनी धरून धरून पांढरं झालं होतं. कंपनीचा फोन लावला तर एक बाई म्हणाली, या नंबरवर आता दाढांची ट्रीटमेंट होते.

मग आम्ही चेकर रावजीकडं गेलो. रावजी मूळचा करमाळ्याकडच्या केम गावचा. तीस वर्षं त्यानं घुबड छाप विडीत बायकांच्या विड्या मोजल्या आणि त्यातल्या छाटलेल्या गुपचूप स्वतः विकल्या. आता तो कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीत राहतो आणि भजनी मंडळात टाळ वाजवतो.

"कोण? धनलक्ष्मी व्हय? ये की, बस. सासू बरी हाय का?"

"सासू वारली की. तुमी आलता दिवसाला. तीनदा भात घेतला."

"व्हय व्हय. सांबार लई चांगलं झालतं." रावजीनं आठवणीनं डोळे मिटले. "मग आता काय पायजे?"

"पी.एफ.चा नंबर पायजे. पेन्शनला."

"कुणाच्या पेन्शनला?"

"माझ्या."

रावजी हसला. त्याला दात चारच राहिलेत, पण त्यांचा तो पूर्ण वापर करतो. "अगं, तू कदी कामाला हुतीस? कामाला नरसव्वा हुती. मी सोता हजेरी मांडलीया. लई गुणाची बाई. अठरा वरीस एक खाडा न्हाय."

"मेल्यावर कशाला खाडा करेल?" मी म्हणालो.

"तूच सांग की बे, शाळा शिकलास न्हवं. कार्डावर जे नाव, त्येच आमी लिवणार. रजिस्टरं बघायची आसली तर कारखान्यात जावा. आता त्येचं मंगल कार्यालय झालंय. वधूच्या खोलीत माळा हाय, तितं समदं ढकलून दिलंय मालकाच्या नातवानं."

मंगल कार्यालय फक्त लग्नाच्या दिवशी उघडतं. बाकीचे दिवस मालकाचा नातू पुण्यात असतो. त्यामुळं दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका लग्नाला गेलो. कुणाच्या, ते दारातल्या फुलांच्या पाटीवरून कळलं: अभिमन्यू आणि सृष्टी. अम्मानं जरीची साडी नेसली होती, मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारात एका मुलीनं आमच्यावर अत्तर शिंपडलं आणि पेढा दिला. एवढा मान अम्माला या दारात तेहतीस वर्षांत मिळाला नव्हता. त्या काळी याच दारात तिची पिशवी तपासायचे, पानं चोरून नेत नाही ना म्हणून.

अम्मा हॉलच्या मधोमध थांबली. "इथं मोजायला बसायचे," ती स्टेजकडं बोट करून म्हणाली. तिथं दोन सिंहासनं ठेवली होती. "आम्ही उन्हात, तिकडं." तिकडं आता आईस्क्रीमचा स्टॉल होता.

मालकाचा नातू गाठला. तो केटरिंगवाल्याशी बासुंदीवरून भांडत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबांनी लेबरसाठी फार केलं."

"हो, दिसतंय की," मी म्हणालो.

"रजिस्टरं घेऊन जा हो सगळी. रद्दीवाला येतच नाही."

वधूच्या खोलीत वधूच्या केसांत फुलं माळणं चालू होतं. आम्ही आत गेलो तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण लग्नात अनोळखी माणूस दिसला तर प्रत्येकाला तो दुसऱ्या बाजूचा वाटतो. पण मी टेबलावर टेबल ठेवून माळ्यावर चढायला लागलो तशी एक जाड काकू पुढं आली.

"तुम्ही कुणाकडचे?"

"आम्ही कारखान्याकडचे," अम्मा म्हणाली.

काकूनं मान डोलावली. मुलाकडचे कारखानदार आहेत असं तिनं ऐकलेलं असणार. तिनं एका पोरीला आमच्यासाठी सरबत आणायला पाठवलं.

पहिलं रजिस्टर ओढलं तशी चाळीस वर्षांची तंबाखूची भुकटी खाली आली. वधूनं एक शिंक दिली, मग दुसरी. मग खोलीतल्या अकरा बायका एका सुरात शिंकायला लागल्या. मेकअपवालीनं आधी वधूचा चेहरा झाकला आणि नंतर स्वतःचा. फोटोग्राफर धावत आला. त्याला वाटलं, मुलगी सासरी जायच्या आधीच रडायला लागली, आणि त्यानं सगळं स्लो मोशनमध्ये घेतलं. अम्मा सरबत पीत शांतपणे पानं उलटत होती. आयुष्यभर ज्या हवेत ती बसली, त्या हवेत इतरांचे हाल बघायला तिला पहिल्यांदाच मिळत होते. ती हसली नाही, पण सरबत तिनं सावकाश संपवलं.

नरसव्वाचं पान सापडलं. पी.एफ. नंबर ठळक. जन्मतारीख १ जून १९६५. प्रत्येक आठवड्याच्या पगारापुढं निळा अंगठा. पुढच्या रजिस्टरात अंगठा. त्याच्या पुढच्या रजिस्टरात अंगठा.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"माझेच की."

"तुला सही येते. सातवी झालीयस तू."

"नरसव्वाला येत नव्हती. सही केली असती तर रावजीनं पगार दिला नसता."

सहा रजिस्टरं पोत्यात भरून आम्ही अक्षता टाकल्या, जेवलो आणि निघालो. बासुंदी पातळ होती.

पेन्शनच्या ऑफिसात कमलाकर नावाचे क्लार्क होते. फाईल ते चिमटीत धरायचे. कुठल्या घरातून आलीय कुणास ठाऊक, असा त्यांचा एकूण सूर. त्यांनी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि आश्चर्य म्हणजे नरसव्वा सापडली.

"आहेत की. सर्व्हिस भरपूर आहे. अठ्ठावन्न पूर्ण. घेऊन या त्यांना."

"त्या वारल्या," मी म्हणालो.

"अरेरे. कधी?"

"दोन हजार तीन."

कमलाकर साहेबांनी स्क्रीन बघितली. मग मला बघितलं. "इथं दोन हजार एकवीसपर्यंत पगार दिसतोय."

"हो. वळत होत्या."

"कोण?"

"मी," अम्मा म्हणाली. "मी सून. त्यांच्या कार्डावर मी वळत होते."

"असा कॉलम नाही," कमलाकर साहेब म्हणाले. त्यांनी फाईल मिटली, आणि मग थोडी माणुसकी दाखवावी म्हणून परत उघडली. "सदस्य मयत असेल तर पेन्शन विसरा. साठलेला पी.एफ. मात्र वारसाला मिळेल. वारस म्हणून नाव आहे... अंबादास. मुलगा. हे कोण?"

अम्मा उठली. पोतं उचलून ती चालायला लागली.

मी घरी हे सांगायला नको होतं. मी सांगितलं. ही चूक मी कबूल करतो. रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात आहे म्हटल्यावर नायना कट्ट्यावरून उठले, दुपारी, जेवायची वेळ नसताना. त्यांना आईची आठवण झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा नानम्माचा फोटो पुसला गेला. त्याला हार आला. संध्याकाळी फोटोपुढं उभं राहून ते गदगदून म्हणाले, "माझ्या आईनं माझ्यासाठी किती कष्ट केले."

अम्मा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा वाढला.

पैसे आल्यावर नायना ड्रोन घेणार होते. लग्नाचं शूटिंग करायला. ड्रोन कोण उडवणार विचारलं तर म्हणाले, "माणूस ठेवायचा." धंद्यातला हा भाग त्यांना कायम आधी सुचतो.

नायनांनी अर्ज केला. आठ दिवसांत तो परत आला. आक्षेप दोन. पहिला: मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. आता हे ऐका. २००३ साली नानम्मा गेली तेव्हा नोंद करायला महापालिकेत नायनांनी जायचं होतं. ते निघालेही होते. वाटेत चहा प्यायला बसले, तिथं कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला. त्यामुळं सरकारदरबारी नानम्मा मेलेलीच नाही. दुसरा आक्षेप: सदस्येचा जन्म १९६५ चा, अर्जदार मुलाचा जन्म १९६२ चा. मुलगा आईपेक्षा तीन वर्षांनी मोठा कसा, याचा खुलासा करावा.

ती तारीख रावजीनं घातलेली होती. कारखान्यातल्या सगळ्या बायका तो एक जूनला जन्माला घालायचा आणि साल पानात जागा असेल तसं लिहायचा.

नायनांनी खुलासा लिहायला घेतला. "मी लहानपणापासून अंगानं थोराड होतो" एवढं लिहून ते अडकले.

मग कट्ट्यावरच्या चौघांपैकी एकानं कायदा सांगितला: वारस बिरस सोड, ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याचा हक्क असतो, चौकशी लाव. नायनांनी नवीन अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की आईच्या पश्चात सर्व विड्या मीच वळल्या. तोच कायदा मी अम्माला सांगितला आणि तिचाही अर्ज दिला. एकाच घरातून, एकाच पत्त्यावरून, एकाच मेलेल्या बाईच्या कामावर नवरा-बायकोचे दोन दावे. दोघांच्या अर्जांवर मीच तिकीट लावलं.

रात्री मी अम्माला म्हणालो, "त्यांना काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? तेहतीस वर्षं समोर बसून वळलं. त्यांनी बघितलं असतं तर बोलण्यात अर्थ होता."

चौकशीला इंद्रायणी मॅडम म्हणून अधिकारी होत्या. टेबलावर आमची सहा रजिस्टरं. त्यांनी एक उघडलं, शिंकल्या आणि रुमाल नाकाला लावूनच पुढचं काम केलं. साक्षीदार म्हणून रावजी हजर होता. त्याला नायनांनी येताना दोन प्लेट भजी चारली होती.

"अंबादास, तुम्ही विड्या वळत होता?"

"व्हय मॅडम. दिवसभर समाजाचं काम, रात्री विड्या. बायकोला कधी हात लावू दिला नाही, बिचारीला त्रास नको म्हणून."

अम्मानं पदर तोंडाला लावला. मॅडमना वाटलं तिला भरून आलं.

"रावजी, हे खरं?"

"आता बगा मॅडम," रावजी भजी पचवत म्हणाला, "माल घरात व्हायचा. घरात कोन वळतंय ते देवाला ठाव. आमी कार्ड बगायचो."

मॅडमनी रुमाल काढला. "शिपाई! तुझी बायको वळते ना? सूप घेऊन ये."

शिपाई मागच्याच गल्लीत राहायचा. दहा मिनिटांत सूप आलं, भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोरा. सगळं ऑफिस गोळा झालं. कमलाकर साहेब तर खुर्ची घेऊन आले. इतक्या एकाग्रतेनं त्या ऑफिसात कुणी काही बघितल्याचं मला आठवत नाही.

नायना खाली बसले. पान हातात घेतलं. ते कुठल्या बाजूनं धरायचं याचा त्यांनी बराच अंदाज घेतला. मग मूठभर तंबाखू घातली, गुंडाळलं, दोरा मारला, परत मारला, दातानं तोडला. जे तयार झालं ते भेळेच्या पुड्याएवढं होतं आणि खालून गळत होतं.

कमलाकर साहेबांनी ते चिमटीत धरून उजेडात बघितलं. "ही ओढायची कशी?"

"दोघांनी मिळून," शिपाई म्हणाला.

नायना म्हणाले की चार वर्षांत सवय गेली.

अम्माचीही चार वर्षं गेलीच होती. तिला गुडघे दुमडेनात, म्हणून ती खुर्चीवर बसली आणि सूप मांडीवर घेतलं. पहिल्या दोन विड्यांना तिनं खाली बघितलं. तिसरीपासून बघणं सोडलं. मॅडमनी विचारलं, मुलं किती, ती म्हणाली, एकच, हा. लग्न झालं का? नाही, मुली बघतोय. मोबाईलच्या दुकानात आहे, तुमच्या बघण्यात असली तर सांगा. एवढं बोलणं होईतो पंचवीस विड्यांचा जुडगा बांधून झाला होता आणि तिचा हात पुढच्या पानाला लागला होता. मॅडमनी "बास" म्हटलं तरी हात आणखी दोन वळून थांबला.

तेव्हा रावजीनं जे केलं त्यापासून त्याला भजीसुद्धा थांबवू शकली नाहीत. त्यानं एक विडी उचलली, तोंडाशी धरली, फिरवली, आणि तीस वर्षांची सवय त्याच्या तोंडून बोलली: "ही नरसव्वाची."

"काय म्हणालात?"

"नरसव्वाची विडी, मॅडम. तोंड बगा की. डाव्या अंगाला दुमडती आन नखानं दाबती. आमच्या शाखेत दुसरं कोन आसं करत न्हवतं. हजारात वळखीन मी. छाट काढायला जागाच न्हाय बगा."

"म्हणजे नरसव्वा या?"

रावजी गोंधळला. तो आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि पुढं काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. "कार्डावरची म्हनाल तर... व्हय. हीच."

मॅडमनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. अम्माचा अंगठा घेतला. रजिस्टरातल्या अंगठ्यांशेजारी धरला, २००१, २००९, २०१८. भिंग मागवलं. सगळे वाकले. अंगठा एकच होता.

"मॅडम," अम्मा म्हणाली, "मी सून. धनलक्ष्मी. नरसव्वा माझी सासू. ती वारली."

"दाखला आहे?"

"नाही."

"तुमचं वय?"

"सत्तावन्न."

"कार्डावर साठ. तीन वर्षं मी कुणालाही सोडते." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, बाई. मी दोन गोष्टी लिहू शकते. एक, नरसव्वा वारली आणि तिच्या नावावर दुसरीनंच काम केलं. ते खरंय, मला कळतंय. पण ते लिहिलं की कंपनीची चौकशी, या रावजीची चौकशी, तुमची चौकशी. निकाल लागेल तेव्हा आपण कुणी नसू. दुसरं, नरसव्वा ही समोर खुर्चीवर बसलीय, विड्या वळून दाखवल्यात, अंगठा जुळतोय, साक्षीदारानं ओळखलंय, मेल्याचा कागद नाही."

पंखा फिरत होता. सुपातली भुकटी उडत होती, आणि कमलाकर साहेब शिंक दाबून उभे होते.

"धनलक्ष्मी हे नाव कुठंच येणार नाही?"

"येईल. उर्फ म्हणून."

"पुढं का मागं?"

"मागं."

अम्मा रजिस्टराकडं बघत राहिली. तिथं तिचे अंगठे होते, आठवड्याला एक, आणि प्रत्येकापुढं दुसऱ्या बाईचं नाव. मला वाटलं ती पोतं उचलून परत घरी निघणार. तिनं हात पुढं केला.

मॅडम म्हणाल्या, "सही येते ना तुम्हाला? सही करा."

"मला येते," अम्मा म्हणाली. "नरसव्वाला येत नव्हती."

आणि तिनं अंगठा दिला.

आदेश दीड महिन्यानं आला. श्रीमती नरसव्वा उर्फ धनलक्ष्मी, हयात, प्रत्यक्ष हजर राहून कौशल्य सिद्ध केले, सबब पेन्शन मंजूर. महिना तेराशे चाळीस, आणि साठलेला पी.एफ.ही सदस्येलाच. खाली मॅडमची सही आणि गोल शिक्का. नायनांचा अर्ज "सदस्या हयात असल्याने वारसाचा प्रश्न उद्भवत नाही" म्हणून निकाली. त्यांनी त्यावरून बरीच आरडाओरड केली. पण खरं बघितलं तर या पेन्शनमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे. २००३ साली ते चहा न पिता दाखला काढायला गेले असते, तर अम्माला एक रुपया मिळाला नसता. त्या माणसानं घरासाठी केलेलं ते एकमेव काम, आणि तेही त्यांनी केलेलं नाही.

पेन्शन खात्यात आली त्या दिवशी अम्मा बँकेत एकटी गेली. येताना रिक्षानं आली. दारात उतरली, रिक्षावाल्याला स्वतः पैसे दिले, उरलेले मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले. नायना कट्ट्यावरून उठून आले. चौघं बघत होते.

"आण इकडं," नायना हात पुढं करून म्हणाले. "घरातला पैसा एका ठिकाणी असावा."

अम्मानं पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मतदान केंद्रावर घ्यावं लागलं तरी शेजारणीला घ्यायला लावतात. सदतीस वर्षं तिनं त्यांना "ओ" म्हणून, नाहीतर माझ्या नावानं हाक मारलेली.

"अंबादास," अम्मा म्हणाली.

कट्ट्यावर रशियाचा विषय थांबला. पानवाल्याचा चुन्याचा हात हवेत राहिला.

"अंबादास, हात खाली घे. चप्पल काढून आत ये. आईशी असं दारात उभं राहून बोलतात का?"

नायनांनी आजूबाजूला बघितलं. कुणीतरी काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. चौघं पानवाल्याच्या हाताकडं बघत होते. मी आदेशाची झेरॉक्स खिशातून काढून नुसती हातात धरली.

त्यांनी चप्पल काढली आणि आत आले.